जोडीची जागा

मेट्रनमावशी वेळेआधी आमेन म्हणायची. आमचे थोरात पंच रविवारी प्रार्थनेला उभे राहिले की देशाच्या राज्यकर्त्यांपासून सुरुवात करत. मग पाऊसपाणी, केळीचं पीक, बोर्डाच्या परीक्षेला बसलेली मुलं, असं करत करत स्वतःच्या नम्रतेपर्यंत येत. नम्रतेला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागायचा. ‘हे प्रभू, मी धूळ आहे, मी माती आहे’ इथवर गाडी आली की तिसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज यायचा, “आमेन.” सगळी मंडळी सवयीने तिच्यामागे आमेन म्हणून डोळे उघडायची, आणि थोरात एकटेच डोळे मिटून, हात पसरून उभे राहिलेले दिसायचे.

आम्ही म्हणजे बुरहानपूरची मराठी ख्रिस्ती मंडळी. आमचे वाडवडील जालना-नगरकडून इकडे कागद कारखान्याच्या नोकरीला आले आणि रिटायर झाल्यावर लालबागला घरं बांधून राहिले. घरं मोजकीच, पण ऐट मोठी. रविवारी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, काखेत बायबल, आणि उपासना सुटल्यावर पायरीवर उभं राहून कोण आलं नाही याची चौकशी. मी त्या मंडळीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी व्हायला जे लागतं ते दोन्ही माझ्याकडे होतं, चांगलं अक्षर आणि कोणालाही न दुखवण्याची सवय. मावशी मला नावाने कधी हाक मारायची नाही. ‘सेक्रेटरी’ असंच म्हणायची, आणि ते अशा सुरात की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी. माझ्या जन्माच्या वेळी ती नवीकोरी नर्स होती. जगात आल्यावर पाठीवर पहिला फटका मी तिचाच खाल्लेला, त्यामुळे मी फारसं वाईट वाटून घेत नसे.

खरं म्हणजे ती मेट्रन कधी झालीच नाही. आता बंद पडलेल्या एका दवाखान्यात ती सिनियर नर्स होती. मेट्रनच्या जागेवर तिचाच नंबर होता. त्याच सुमारास औषधांचे खोके गायब झाले, आणि वॉर्डातल्या विमल नावाच्या आयाने चौकशीत सांगितलं, “बाईंना नेताना मी डोळ्यांनी बघितलं.” खोके विमलनेच लांबवले होते, हे पुढे उघडकीला आलं. तोवर बाहेरून दुसरी मेट्रन येऊन खुर्चीत बसली होती. आमच्या लोकांनी मग हिला मेट्रन म्हणायला सुरुवात केली. आधी चिडवायला, मग सवयीने. तिनेही ते नाव बिनतक्रार घेतलं.

विमलचं पुढे असं झालं की ती देडतलाईच्या एका विधुर शेतकऱ्याकडे राहायला गेली. तो हिंदू, केळी आणि कपाशी करणारा, गरीब स्वभावाचा माणूस. चर्चमध्ये लग्न नाही, काही नाही. आम्ही कमिटी बोलावली आणि सभासदांच्या वहीतून तिचं नाव खोडलं. खोडण्याची रेघ माझ्याच हातची आहे, पट्टी लावून मारलेली.

मावशीची नाताळची एक रीत होती. करंज्या झाल्या की पहिलं ताट, वर्षभरात ज्या घराशी भांडण झालं असेल त्या घरी जायचं. आणि भांडणं तिची भरपूर व्हायची. दारात उभी राहून ती म्हणायची, “घ्या. सारण गोड झालंय फार, मला खाववत नाही.” गोड बोलणं तिला जमतच नव्हतं. एक डबा मात्र दरवर्षी देडतलाईच्या बसच्या कंडक्टरकडे जायचा, झाकणावर तिचं नाव आणि लालबागचा पत्ता रंगवलेला. तो विमलला जायचा. डबा कधी परत आला नाही. पुढच्या नाताळला मावशी कुरकुर करत नवा डबा आणायची.

बाहेरगावचा एक प्रचारक एकदा आमच्याकडे आला होता. चकचकीत बूट, हातात माइक धरायची सवय इतकी की जेवतानाही मूठ वळलेली. त्याच्या कानावर आलं की मावशी सकाळी राजघाटावर जाऊन तिथे पडून असलेल्या लोकांच्या जखमा धुते. त्याने तिला सगळ्यांसमोर विचारलं, “परवा त्या म्हाताऱ्या संन्याशाच्या पायाला पट्टी बांधलीत म्हणे. त्याला प्रभूविषयी काय सांगितलंत?” मावशी म्हणाली, “त्याच्या टाचेत अळ्या होत्या. त्या काढत होते. तुम्ही चला उद्या, मी चिमटा धरते, तुम्ही सांगा.” दुसऱ्या दिवशी प्रचारकाला सकाळच्याच गाडीने जाणं भाग पडलं. आमच्या मंडळीने त्याला हार घालून निरोप दिला, कारण हार आधीच आणून ठेवला होता.

आता आमच्या कब्रस्तानाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच घडलं. ते चर्चच्या मागेच आहे. चारी बाजूंनी घरं उठली, त्यामुळे आत जागा फार थोडी. म्हणून आमच्यात जोडीच्या जागेची पद्धत पडली. नवरा आधी गेला की त्याच्या शेजारी बायकोपुरती जागा विटा लावून राखायची, बायको गेली तर नवऱ्यापुरती. ती वहीत नावावर असते. मावशीचा नवरा जोसेफ कारखान्यात फिटर होता, तिशीतच गेला. त्याच्या शेजारचा विटांचा चौकोन मावशीचा. दर ईस्टरच्या आधी ती तिथलं गवत खुरप्याने काढायची. मी कौतुक केलं की म्हणायची, “मला राहायला यायचंय इथं. आपलं घर आपण झाडतो, त्यात काय.”

या पद्धतीला एक पोटनियम आहे. थोरातांच्या सासूबाई वारल्या तेव्हा त्या दुसऱ्या मिशनच्या असल्याने त्यांना आमच्यात जागा मिळेना. थोरातांच्या आईची जोडीची जागा मात्र रिकामी होती, आई गावी वारलेली. मग थोरातांनी कमिटीत ठराव केला की जोडीच्या जागेत कोणाला ठेवायचं ते जागेच्या मालकाने ठरवावं, कमिटीने मध्ये पडू नये. ठराव एकमताने पास झाला. त्यामुळे थोरातांचे वडील आज आपल्या विहीणबाईंशेजारी चिरनिद्रा घेत आहेत.

काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर दुपारी कब्रस्तानाच्या फाटकाशी केळी वाहणारी एक पिकअप येऊन उभी राहिली. मागे केळीच्या पानांवर विमल होती, आजूबाजूला बर्फ. शेजारी तिची मुलगी रेखा बसलेली, तिशीतली, साडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग. तिचा बाप आधीच गेला होता. त्याचे भाऊ म्हणाले, ही आमची नव्हे, तुमच्या लोकांत न्या. रेखा मला म्हणाली, “काका, आई बोलली होती, मला माझ्या लोकांत ठेव. थोडी जगह तर असेल ना इथे?” मी म्हणालो, “थांब, विचारून येतो.”

मग आम्ही प्रार्थनापूर्वक विचार केला. म्हणजे पंख्याखाली बसून चहा घेतला. थोरात म्हणाले, “प्रेम आहेच. प्रेमाला आपण कुठे नाही म्हणतो? पण शिस्त म्हणून काही आहे की नाही?” पाळकसाहेब पंख्याकडे बघत राहिले. बाहेर बर्फ वितळत होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी त्याचं नाव काढलं नाही. शेवटी मी लिहिलं, ‘जागेअभावी विनंती मान्य करता येत नाही याचे दुःख वाटते.’ दुःख हा शब्द माझा.

शाई वाळायच्या आत मावशी आली. डोक्यावर छत्री, हातात पिशवी. डब्याच्या झाकणावरचा पत्ता विचारत रेखा आधी तिच्याच दारात गेली होती. मावशीने माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, आणि त्याची घडी घालून वारा घेत उभी राहिली.

“अक्षर छान आहे,” ती म्हणाली. “जागा नाही म्हणतोस?”

“नाही मावशी.”

“जोसेफच्या बाजूला कोण आहे?”

“कोणी नाही. ती तुझी आहे.”

“मग काढ वही आणि लिही. माझ्या जागेत विमल.”

थोरात उठून उभे राहिले. “बाई, अहो, तिने तुमचं आयुष्य नासवलं.”

“थोरात, तुमचे वडील कोणाच्या शेजारी झोपलेत?”

थोरात बसले. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, “आणि तुमची वेळ येईल तेव्हा, मावशी?”

“तेव्हा मी मेलेली असेन, पाळकसाहेब. ती डोकेदुखी तुमची.” मग माझ्याकडे वळून, “सेक्रेटरी, बस झाली लिखापढी. नळाखाली बादली लाव.”

फाटकाशी आडोशाला चादर धरून तिने विमलला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली. चादरीचं एक टोक ड्रायव्हरने धरलं होतं, एक मी. दोघांची तोंडं भिंतीकडे. मला फक्त ऐकू येत होतं. रेखाचा हुंदका, आणि मावशीचं एकसारखं बोलणं. “रडणं मागून. आधी पाणी ओत. हां, मान धर. बघ, केस किती दाट आहेत अजून बाईचे.” मध्येच रेखा म्हणाली, “मावशी, तुमचे सगळे डब्बे घरात आहेत. आई वापरू नाही देत होती, पुसून ठेवायची.” थोडा वेळ नुसतं पाणी पडत राहिलं. मग मावशी म्हणाली, “वापरायला काय झालं होतं? स्टीलचे होते चांगले.”

माती देताना थोरातांनी प्रार्थना सुरू केली. या वेळी ते धुळीपर्यंतही पोचले नाहीत. राज्यकर्त्यांपाशीच आमेन झालं.

संध्याकाळी मी मावशीला घरी सोडायला गेलो. वाटेत न राहवून विचारलं, “मावशी, माफ केलंस का तिला?”

“मला काय माहीत,” ती म्हणाली. “मला ती आजपण आवडत नाही. खोटारडी होती. पण आवडणाऱ्या माणसाला जागा द्यायला ख्रिस्ती कशाला व्हायला लागतं? ती कोणीपण देतं. तू तर खुर्चीसुद्धा देतोस.” मग थोडं चालून ती थांबली. “जोसेफ मात्र वैतागला असेल. त्याला बडबड चालायची नाही, आणि विमल झोपेतपण बोलायची.” हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा मोडला. “इतकी वर्षं मी तिथलं गवत काढलं रे, सेक्रेटरी. मला तिथंच जायचं होतं.”

मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं. धीराचं काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर म्हणाली, “गप. घर आलं.”

मावशी गेल्या जानेवारीत गेली. तापात पडली आणि चार दिवसांत आटोपलं. पाळकसाहेबांनी ज्या दिवसाचं विचारलं होतं तो दिवस आला, आणि आम्ही पुन्हा त्याच पंख्याखाली बसलो. जागा खरोखरच नव्हती. म्हणजे एक होती, माझी. माझी बायको सुशीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि तिच्या शेजारचा विटांचा चौकोन माझ्या नावावर आहे. वही माझ्या मांडीवर होती. नियम माझ्या हातचा लिहिलेला. थोरात म्हणाले, “नळाजवळ एक पट्टी आहे. ओल असते थोडी, पण भागेल.” सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, हे मी शपथेवर सांगतो. मी चहाचा घोट घेतला आणि त्याबरोबर तो शब्दही खाली गेला. सुशीलाला एकटं वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला एकटं पडायचं नव्हतं. मी लिहिलं, ‘नळाजवळ.’

मातीच्या वेळी थोरातांनी प्रार्थना केली. राज्यकर्ते झाले, पाऊसपाणी झालं, परीक्षा झाल्या, धूळ झाली, माती झाली. कोणी आमेन म्हणेना. तिसऱ्या बाकावरची माणसंसुद्धा मान खाली घालून उभी होती. थोरात शेवटपर्यंत जाऊन, थकून, आपणहून थांबले.

पावसाळ्यात नळाजवळची माती दोनदा खचली. दोन्ही वेळा रेखा देडतलाईहून आली आणि घमेल्याने भर घालून गेली. दुसऱ्या खेपेला मी तिथेच होतो. आईची कबर साफ करून, मावशीच्या कबरीवर माती थापटून ती हात धुवायला नळाशी आली. मग इकडे तिकडे बघत सुशीलाच्या कबरीपाशी थांबली. शेजारचा चौकोन मी नीट ठेवतो, एक गवताची काडी राहू देत नाही.

“काका, ही खाली जगह कोणाची आहे?”

“माझी,” मी म्हणालो.

तिने एकदा नळाकडे बघितलं, घमेलं उचललं आणि बस गाठायला निघून गेली. मी तिथेच उभं राहून डोळे मिटले आणि मनात प्रार्थना सुरू केली, हे प्रभू, मी धूळ आहे, मी माती आहे. ती बराच वेळ चालली. मला थांबवायला कोणी नव्हतं.