नळीला हात लावायचा नाही

बँकेच्या दारातल्या त्या बाईला सगळे फौजदारीण म्हणायचे. तिच्या अंगावर खाकी वर्दी, पायात नवऱ्याचे एक नंबर मोठे बूट आणि खांद्याला नवऱ्याचीच दुनळी बंदूक. नवरा याच दारात उभा राहायचा. एका सकाळी ड्युटीला निघाला आणि जिन्यातच छातीला हात लावून बसला, तो उठलाच नाही. मागे राहिली ती, सासू आणि धाकटा दीर. बंदूक तशी कपाटात गंजून गेली असती. पण या नोकरीला माणूस दुय्यम असतो, आधी विचारतात स्वतःची बंदूक आहे का. तिने सरकारी उंबरे झिजवले, परवाना आपल्या नावावर करून घेतला आणि नवऱ्याच्या जागी जाऊन उभी राहिली. बायका आपसात म्हणायच्या, हिच्या घरी भांडायला कोण जाणार.

अडचण एकच होती. बंदूक सहा फुटी माणसाच्या मापाची आणि फौजदारीण त्याच्या खांद्याखाली मावेल एवढी. मागचा लाकडी दस्ता खांद्याला टेकवला की बोट घोड्यापर्यंत पोचायचं नाही. बोट पोचवावं तर दस्ता काखेत घसरायचा. वर्षाच्या नेमबाजीच्या चाचणीत तिचे सगळे बार आकाशात गेले. बँकेच्या साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की महिन्याभरात पुन्हा चाचणी होईल, तेव्हा जमलं नाही तर दारात दुसरा माणूस उभा करावा लागेल.

म्हणून ती बंदूकवाल्या मिस्त्रीकडे गेली. म्हाताऱ्याने बंदुकीकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी परवाना मागितला. तो डोळ्यांना चिकटवून वाचला, मग तिला सरळ उभी करून कोपरापासून बोटापर्यंत हात मोजला, शिंपी बाही मोजतो तसा. म्हणाला, मागचं लाकूड चार बोटं उतरवलं की झालं, बारशाचं झबलं बसावं तशी बसेल. तिने भीत भीत विचारलं, पुढून जड लागते, तिकडूनही थोडी कमी होईल का?

मिस्त्रीने चष्मा काढला.

"पोरी, लाकूड तुझ्या मापाचं, लोखंड कायद्याच्या मापाचं. नळीला हात लावायचा नाही. ना मी, ना तू, ना तुझा देव. कापलेली नळी घरात सापडली तर कोणी कापली हे नंतर विचारतात, आधी आत टाकतात."

त्याच्याकडे काम तुंबलेलं होतं. पुढच्या आठवड्यात घेऊन ये म्हणाला.

रात्री जेवताना तिने घरात सांगितलं ते असं, की बंदूक लांब आहे, कापून घ्यायची आहे, मिस्त्रीने थांबायला सांगितलंय. पुढचं लाकूड-लोखंडाचं सांगायला ती विसरली असं नाही. त्या घरात बंदुकीचं शास्त्र ऐकायला होतं कोण? धाकटा खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. ते काम शिकायला पाठवलं होतं फौजदारणीनेच, भाऊ गेल्यावर पोरगं नाक्यावर बसायला लागलं तेव्हा. तो हसून म्हणाला, एवढ्याशा कापायला आठवडा? म्हातारा दातांनी कुरतडणार आहे की काय? तीही हसली. तेवढंच.

आता चावीचं. बंदुकीच्या कपाटाची चावी परवानेवालीच्या अंगावरच पाहिजे, हे परवाना देतानाच तिला बजावलं होतं. पण घरात लोखंडी कपाट एकच. त्यातच सासूची औषधं, सासूचे कागद, सासूच्या ठेवणीतल्या साड्या. रोज उठून, सूनबाई चावी दे, सूनबाई कपाट उघड. शेवटी कटकट नको म्हणून सुट्टीच्या दिवशी ती चावी सासूकडे ठेवून जायला लागली.

त्या रविवारी ती आजारी आईला बघायला माहेरी गेली. संध्याकाळी परत आली तर धाकटा दारातच उभा, तोंडभर हसत. आतल्या खोलीत पलंगावर चादर अंथरलेली आणि चादरीवर बंदूक. पुढून हातभर लोखंड नाहीसं झालेलं. कापलेली कड त्याने कानशीने घासून गुळगुळीत केली होती, तेल लावून पुसली होती. शेजारी दोन नळ्यांचे तुकडे जपून कागदात गुंडाळलेले.

"उचलून बघ वहिनी. फुलासारखी झालीय."

तिने उचलली नाही. भिंतीला टेकून ती खालीच बसली. मिस्त्री म्हणाला होता ते सगळं तिने शब्दाला शब्द सांगितलं, तसा धाकट्याच्या तोंडावरचा रंग उडत गेला. जोडून देतो म्हणाला, लगेच, टाकाही दिसणार नाही. ती म्हणाली, तुझा टाका पहिल्या बाराला माझ्या तोंडावर फुटेल, आणि कापलेली ती कापलेलीच. सासू म्हणाली, विहिरीत टाका, हरवली म्हणून सांगा. हरवली म्हटलं तर बंदूक कुठे गेली, हे आयुष्यभर मलाच विचारतील, ती म्हणाली. मग कपाटात राहू दे, सासू म्हणाली, कोण बघतंय?

"महिन्याभरात चाचणी आहे, आई. तिथे काय लाटणं घेऊन जाऊ?"

कोणी हसलं नाही. तिने फोन काढला. सासूने तिचं मनगट धरलं. म्हातारी पकड सोडत नव्हती.

"माझा एक गेला. दुसरा तू घालवणार?"

फौजदारणीने दुसऱ्या हाताने नंबर लावला. पोलीस आले तेव्हा धाकटा मागच्या दाराने निघून गेलेला होता. चादरीसकट बंदूक गाडीत गेली आणि तिच्या शेजारी फौजदारीण.

ठाण्यातल्या अंमलदाराने पाणी दिलं, बसायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाई, स्वतःहून कळवलंत हे चांगलं केलंत, पण बंदूक तुमच्या नावावर, दीर तुमचा, आणि दीर जागेवर नाही. मी काय लिहू? तेवढ्यात दारात धाकटा दिसला. त्याची चप्पल कुठेतरी राहिली होती. न विचारताच तो बोलायला लागला.

"मी कापली, साहेब. वहिनीला काही माहीत नाही. मी कपाटाचं कुलूप तोडलं आणि घेतली."

अंमलदाराचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. कुलूप तोडलं असेल तर तुमची चूक काही नाही, तो हळू आवाजात म्हणाला, परवाना राहील, आज ना उद्या दुसरी बंदूक घेता येईल. आणि याचं? तिने विचारलं. याच्यावर नळी कापल्याचं आहेच, वर चोरीचंही लागेल. खूप वर्षं जातील.

धाकटा तिच्याकडे बघत होता. लहानपणी शाळेतून मार खाऊन आला की भाऊ घरी नसताना असाच तिच्याकडे बघायचा, सांगू नकोस म्हणून. आता मात्र हो म्हण म्हणून बघत होता. तिने फक्त मान हलवायची होती. दार, वर्दी, पहिल्या तारखेचा पगार, सगळं त्या एका मानेवर होतं.

"कुलूप शाबूत आहे, साहेब," ती म्हणाली. "माणूस पाठवून बघा. चावी मी सासूबाईंकडे दिली होती. मुलाने मागितली, आईने दिली. चोरी कुठली?"

"वहिनी, गप्प बस ना गं."

"परवाना जाईल तुमचा, बाई," अंमलदार म्हणाला. "वर तुमच्यावरही हलगर्जीपणाचं लिहावं लागेल."

"लिहा."

त्याने लिहिलं. तिने सही केली, धाकट्याने केली. बंदुकीला लाखेचं सील लागलं. धाकट्याला आत नेलं. तिला बाहेर सोडताना अंमलदाराने बजावलं की बोलावलं की यायचं आणि गाव सोडायचं नाही. बँकेला उद्या आम्हीच कळवू, असंही म्हणाला, जणू तेवढाच एक त्रास तिचा वाचवावा.

घराचं दार उघडंच होतं. सासू उंबऱ्यावर बसलेली, तोंडात पाण्याचा थेंब नाही. तिने सुनेच्या मागे पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. फौजदारणीला सांगायचं होतं की चोरी लागणार नाही, वर्षं कमी होतील, वकील बघू. ती तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारी तिला आत जायला वाट देत एका बाजूला सरकली.

"आणि तू तेवढी आलीस," म्हणाली.