गादीखालची रेघ

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: एकट्याने उठायचं नाही. बाबांनी मान डोलावली आणि घरी आल्याबरोबर एकटेच उठले. मोरीच्या दाराशी पडता पडता वाचले. आईला हाक मारण्यात त्यांना कमीपणा वाटायचा.

मी हिंगण्याच्या कारखान्यात मशीनचे कंट्रोल पॅनेल सांभाळते. म्हटलं, बाबांनाही एक लावून टाकू. गादीखाली दाब ओळखणारी पट्टी सरकवली आणि तिच्या वायरी मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका छोट्या संगणक-चिपला जोडल्या. दाबाचा आकडा मी ठरवलेल्या मर्यादेखाली गेला की समजायचं, माणूस उठला. मग स्वयंपाकघरात घंटी. सकाळी चाचणी घेतली, सगळं झकास. दुपारी घंटीने जो उच्छाद मांडला! आई तव्यावरची पोळी टाकून धावायची, तर बाबा आपले कुशीवर निवांत पडलेले.

"तुह्या घंटीले दुसरं काम नाही का वं?" आई वैतागली. शेवटी शेवटी घंटी वाजली तरी ती पोळी लाटतच राहिली. उद्या बाबा खरंच उठले आणि आई अशीच लाटत राहिली तर?

रविवारी जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन बाबांच्या खाटेशी बसले. बाबा गाढ झोपले होते. माझा कोड आतापर्यंत दोनच गोष्टी सांगत होता, आहे किंवा नाही. पट्टीला नेमकं काय दिसतं ते तरी बघू म्हणून कच्चे आकडे पडद्यावर काढले. त्यांची रेघ उमटू लागली, आणि ती नुसती थरथरत होती. पट्टीला वीज देणारा चार्जर मी कूलरच्याच बोर्डावर लावला होता, आणि कूलरच्या मोटारीचा खरखराट त्या विजेतून आकड्यांत शिरत होता. बाबा कुशीवर वळले की आकडा मर्यादेच्या काठावर यायचा आणि त्या थरथरीने पलीकडे पडायचा. सकाळी चाचणी घेतली तेव्हा कूलर बंद होता. मे महिना, आणि नागपूरच्या बाईने कूलर विसरावा!

चार्जर दुसरीकडे लावला. थरथर गेली, पण रेघ काही स्थिर होईना. हळू वर जायची, हळू खाली यायची. आता हे काय नवीन, म्हणून चिडून वायरी चाचपल्या. मग माझी नजर बाबांच्या पाठीवर गेली. पाठ फुगली, रेघ चढली. पाठ बसली, रेघ उतरली.

चादर, गादी, सगळ्यांतून तो श्वास त्या बोटभर पट्टीपर्यंत पोचत होता, आणि मी त्याला बिघाड समजून शोधत होते.

आईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. "हे काय होय?"

"बाबांचा श्वास."

ती खाटेच्या कडेवर टेकली. बराच वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "किती शांत झोपून राहिले."

घंटीसाठी मात्र स्थिर आकडा हवा होता. कारखान्यात करतो तसंच केलं, शेवटच्या काही सेकंदांची सरासरी काढायला सांगितली आणि कोड चढवला. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

"अवो!" आई किंचाळली आणि बाबांच्या छातीवर हात ठेवून त्यांना हलवू लागली.

बाबा दचकून जागे झाले. "काहून वं? मेलो का मी?"

आईने पडद्यावरच्या सपाट रेघेकडे बोट दाखवलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. सरासरी घंटीपुरती ठेवली आणि पडद्यावर कच्ची रेघ परत आणली. बाबा पुटपुटत कुशीवर वळले. आकडा काठापर्यंत उतरला, तरी घंटी गप्प राहिली. पुन्हा त्यांचं घोरणं सुरू झालं.

आईने त्यांच्यावरचा हात काढला नाही. ऑपरेशन झाल्यापासून दुपारी तिचा डोळा लागला नव्हता. आता खाटेच्या दांडीला टेकून बसल्या बसल्याच लागला. झोपेत तिचा हात जड झाला तशी रेघ जराशी वर सरकली, आणि तिथूनच पुन्हा चढू-उतरू लागली.