'असणार' न चालणारे मेश्रामसाहेब

मेश्रामसाहेबांची आणि माझी पहिली भेट लष्करी पॅराशूट भांडाराच्या दारात झाली. त्यांचे पहिले वाक्य होते, "बांगड्या, अंगठी, हेअरपिना बाहेर ठेवा आणि मग आत या." मी सदाशिव पेठेतली, आम्हाला ऐकवायची सवय असते, ऐकून घ्यायची नव्हे. फणकाऱ्यानेच सगळे काढून ठेवले. साहेबांनी मग शांतपणे सांगितले, की नायलॉनमध्ये खडा अडकून एक धागा ओढला गेला, तर तो आपल्याला इथे दिसत नाही, वर हवेत दिसतो. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळही नव्हते.

आमची पॅराशूट माणसांसाठी नव्हती, सामानासाठी होती. जिथे रस्ता पोहोचत नाही अशा चौक्यांवर पीठ, औषधे, रॉकेल विमानातून सोडायचे, ते यांच्या भरवशावर. प्रत्येक कापड खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर पसरून, शिलाई आणि दोऱ्या बोटांनी चाचपून, मगच घडी घालायची. लाकडी मांडण्या जमिनीपासून वर आणि भिंतीपासून हातभर दूर. ऊन नको, ओल नको, तेल नको, उंदीर तर नकोच. आणि एक शब्द नको: 'असणार'. "कोरडं असणार, साहेब," असे कोणी म्हणाले, की ते म्हणत, "असणार ते पंचांगात. इथे फक्त आहे किंवा नाही." साहेब मूळचे नागपूरकडचे, पण पुण्याचे पाणी त्यांना चांगलेच मानवले होते.

देशाची दारे उघडली, कोथरूडमध्ये गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले, त्या काळातली ही गोष्ट. प्रत्येक पॅराशूटच्या कार्डावरच्या तपासणीच्या नोंदी संगणकावर घ्यायचे ठरले आणि त्यासाठीच माझी नेमणूक झाली. पन्नाशीच्या आसपासचे साहेब कॉलेजच्या मुलांमध्ये बसून क्लास करून आले. शंका विचारताना मला ते 'आपण' म्हणत. मला भारी संकोच वाटे आणि, खरे सांगते, थोडा गर्वही चढे.

त्या सुमारास साहेबांची बढती जवळजवळ ठरली होती. ती हुकली. आमच्यापैकी बरेच जण अजूनही त्यामागे कचेरीतले राजकारण होते असे मानतात. ते तसे नव्हते. खरे कारण मी होते.

वीज गेली तरी संगणक चालावा म्हणून मोठ्या बॅटऱ्या आल्या. कचेरीत जागा नव्हती. साहेब दोन दिवस रजेवर होते. कुठे ठेवू, असे शिपायाने विचारले, तेव्हा मी भांडारातल्या मांडणीखालची मोकळी जागा दाखवली. बॅटऱ्यांतून काही सांडणार नाही ना, हेही त्याने विचारले होते. "सीलबंद असणार," मी म्हणाले.

त्या सीलबंद नव्हत्या. शिपायाने त्यांत पाणी भरताना आम्ल उडाले. साहेब रजेवरून आले आणि मांडणीखालच्या बॅटऱ्या पाहून दारातच थबकले. नायलॉनचा आम्लाइतका दुसरा वैरी नाही. त्या मांडणीवरची बारा पॅराशूट दुसऱ्या दिवशी सकाळी रवाना व्हायची होती आणि संगणकावर त्यांच्यापुढे आपोआप उमटणारी 'योग्य' ही नोंद मीच कायम केलेली होती. साहेबांनी रवानगी थांबवली आणि बाराही उघडली. अकरा चांगली निघाली. बाराव्याच्या कापडावर चार बोटांचा पिवळट डाग होता. साहेबांनी तिथे अंगठा दाबला, आणि ते कापड पापडासारखे फाटले.

बॅटऱ्या इथे कोणी ठेवायला सांगितल्या, असे त्यांनी विचारले. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वडील नुकतेच निवृत्त झालेले, घर माझ्या पगारावर चाललेले. शिपाई माझ्याकडे पाहत नव्हता. त्याच्यावर सहज ढकलता आले असते, आणि तसा विचार माझ्या मनात आला, हे कबूल करायला आजही लाज वाटते. "मी सांगितलं," मी म्हणाले.

साहेबांनी नोंदवही पुढे केली आणि ते जसेच्या तसे माझ्याकडूनच लिहून घेतले. एक शब्दही सौम्य करू दिला नाही. मग माझ्या सहीखाली त्यांनी लिहिले: 'भांडार माझ्या ताब्यात आहे. बॅटऱ्या येणार हे ठाऊक असूनही रजेवर जाताना जागा नेमून दिली नाही. जबाबदारी माझी.' मला लेखी ताकीद मिळाली. त्यांची बढती तीन वर्षे लांबली.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून संगणकावरची नोंद बदलली. 'योग्य' हा शब्द आपोआप उमटणे बंद झाले. कोणी, कधी आणि कशाशेजारी ठेवलेले पाहिले, हे भरल्याशिवाय पुढचे पान उघडेना. निवृत्तीनंतरही कित्येक वर्षे साहेब नव्या तपासनिसांना शिकवायला येत राहिले, वारज्याहून, स्कूटरवरून.

मी कायम झाले, तपासनीस झाले, पुढे त्याच भांडाराची प्रमुखही झाले. त्या दिवशी त्यांनी असे का केले, हे विचारायचे धाडस मला गेल्या वर्षी त्यांच्या घरी चहा पिताना झाले. साहेब नेहमीसारखे कोरडे बोलले: "नोंद खोटी व्हायला नको होती, आणि खरं बोलणारं माणूस जायला नको होतं. दोन्ही राहिलं. बढतीचं काय, ती उशिरा का होईना, आली."

साहेब, हा मजकूर वाचून आपण रागवाल, हे मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षे लोक आपल्या बढतीबद्दल चुकीचे बोलत राहिले आणि आपण माझे नाव कधी ओठांवर आणले नाहीत. आज पंचाहत्तरीच्या निमित्ताने ते मीच सर्वांसमोर लिहून टाकले. आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि मला रागवायला आपण पुढची पंचवीस वर्षे असेच खणखणीत राहा.