याचं टेम्प्लेट असणार

"थांबा ताई. याचं टेम्प्लेट असणार."

एवढं म्हणून काका कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, उजव्या हाताचं बोट हवेत धरायचे आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचे. मग दारात टेम्पो हॉर्न मारत असो, नाहीतर मांजर सुकत घातलेल्या जवळ्यात तोंड घालत असो, ते बोट काही खाली यायचं नाही. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. असेल तर माझं दुःख तुम्हाला समजावून सांगायला नको.

डहाणूच्या खाडीजवळ सुकी मासळी करणाऱ्या बायकांचं आमचं मंडळ आहे. त्याचं सगळं मी बघते. पूर्वी या बायका जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, किनाऱ्यावर वाळूतच पसरायच्या आणि येईल त्या व्यापाऱ्याला देऊन टाकायच्या. आम्ही कुंपण घालून आत बांबूचे उंच माच बांधले, त्यांवर जाळी ताणली. जवळ्यात वाळूचा कण नाही, दाताखाली कचकच नाही. तेवढ्या एका गोष्टीसाठी मुंबईच्या एका दुकानाने आमचा माल घेऊन बघायचं कबूल केलं होतं. पहिली खेप पसंत पडली तर वर्षभर काम, नाहीतर बायका पुन्हा वाळूत. त्यांना घराघरांतून गोळा करताना माझ्या चपला झिजल्या होत्या, त्यामुळे त्या खेपेवर माझा जीव टांगलेला होता.

अशा वेळी काका आले. तलासरीच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. राहायचे डहाणू रोडला, स्टेशनच्या पलीकडे. शनिवारी संध्याकाळी एसटीने तलासरीला मूळ घरी जायचे, सोमवारी सकाळी परत. "पगार नको, काम द्या," म्हणाले. मला वाटलं, देवच पावला.

त्यांच्या मुलाने त्यांना मोबाइलवर कामाचं नियोजन करायचं एक ॲप घालून दिलं होतं. त्यात तयार टेम्प्लेटांचा बाजार भरलेला. ज्या माणसाची सगळी नोकरी छापील नमुने भरण्यात गेली, त्याला निवृत्तीनंतर न संपणारे नमुने फुकटात मिळाले. मग काय विचारता!

आमच्या मंडळासाठी त्यांनी जे निवडलं ते कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीचं होतं. त्यात कामाचे टप्पे होते: डिझाइन, चाचणी, लाँच. माचावर उन्हात पडलेला जवळा "चाचणी"त असायचा. पिशव्यांत भरला की "लाँच". पहिल्या ओळीत नमुन्यासाठी दिलेलं कुणा जॉनचं नाव होतं, तेही काकांनी काढलं नव्हतं. जॉनचं काम कायम उशिरात, म्हणून लाल.

"काका, निदान त्या जॉनला तरी काढा हो," मी म्हणायचे.

"कोणीतरी विचार करून बनवलंय, ताई. आपण हात लावला की बिघडतं."

हे त्यांचं दुसरं वाक्य. रकाने बदलता येतात, नवे घालता येतात, हे मी त्यांना दाखवलं होतं. माझ्या हातून मोबाइल त्यांनी असा काढून घेतला, जणू मी सही झालेल्या कागदावर खाडाखोड करत होते. कुंपणाच्या दाराच्या दोन किल्ल्या होत्या. "किल्लीधारक" या रकान्यात एकच नाव मावत होतं, म्हणून दोन्ही किल्ल्या काकांच्या खिशात.

आणि ते चेहरे! टेम्प्लेटमध्ये रोज सकाळी प्रत्येकाचा "आजचा मूड" भरायचा होता. हसरा, बरा, मधला, रडका, रागीट. खाली एक रकाना: "कारण, ऐच्छिक". काका दारापाशी टेबल मांडून बसायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवायचे.

"जमनाबाय, आज कोणता चेहरा?"

जमनाबाय आमच्यातली सगळ्यांत मोठी. पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कोणता म्हंजे? जल्मापासून योच हाय."

बाकीच्या हसून हसून वाकल्या. काकांनी शांतपणे "हसरा" दाबला.

पण हळूहळू बायका उत्तरं द्यायला लागल्या. "रडका लिवा काका. सून माहेरी गेली." काका चष्मा सारखा करून विचारायचे, "कारण भरायचं का?" मग एका बोटाने टायपायचे. सून... माहेरी... गेली. मध्येच थांबून, "भांडून, की सहज?" तिच्यामागे ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन रांग उभी, ऊन चढतंय, मी आत दातओठ खातेय. एकदा मी ओरडलेच, "काका, जवळा वास मारायला लागेल!" काका म्हणाले, "झालंच ताई. ऐच्छिक असलं तरी बाईला सांगायचं आहे ना."

ज्यांचा समुद्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. इथलं काम वारावर चालत नाही, तिथीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, जाळी भरून येतात. मधल्या दिवसांत, भांगाला, पाणी सुस्त, होड्याही सुस्त. काकांच्या टेम्प्लेटमध्ये मात्र सोमवार ते शनिवार सारखं काम आणि रविवार राखाडी.

खेप पाठवायच्या आधीची अमावास्या रविवारी आली. जमनाबायने शुक्रवारीच टेबलापाशी सांगितलं होतं, "काका, रविवारी उधाण हाय. जवला येल."

"रविवार राखाडी आहे, जमनाबाय. त्यावर काही भरता येत नाही."

तिला वाटलं, काका चेष्टा करतायत.

रविवारी मी वाणगावला चुलतबहिणीच्या लग्नात होते. बँडच्या आवाजात पर्समधला फोन ऐकू आला नाही. होड्या भरून आल्या. बायका टोपल्या घेऊन कुंपणापाशी आल्या, तर कुलूप. काका तलासरीला, आणि फोन बंद. कारण टेम्प्लेटमध्ये रविवारी "फोनला विश्रांती" होती. अनुदानातून आलेलं कुलूप फोडायची कोणाची हिंमत झाली नाही. जवळा काही थांबत नाही. त्यांनी तो वाळूत पसरला.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा जमनाबाय चाळणीने जवळा चाळत बसली होती. किती चाळणार? वाळू ती वाळूच. भांगात नवा माल मिळेना, म्हणून जे होतं ते पाठवलं. दुकानाने ते परत केलं.

बायका एकत्र येऊन म्हणाल्या, "काका र्‍हातील, नायतर आमी." सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी काही गोड बोलले नाही. "काका, तुमच्या त्या राखाडी चौकोनापायी आमची खेप गेली. उद्यापासून येऊ नका." आजही मला वाटतं, मी बरोबर केलं. कोणीतरी हे करायलाच हवं होतं.

काकांनी चष्मा नाकावर आणला. मग सवयीने बोट वर गेलं. "थांबा ताई. काम सोपवायचं टेम्प्लेट असणार." होतंच. त्यांनी ते तिथे बसून पूर्ण भरलं, "किल्लीधारक"मध्ये माझं नाव घातलं, दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या, ॲपमधली सगळी पानं माझ्या फोनवर पाठवली आणि गेले. पुढे ते कायमचे तलासरीला राहायला गेल्याचं कळलं.

दुकानाला मी हातापाया पडून पुन्हा एकदा तयार केलं. पुढच्या उधाणाला एक किल्ली जमनाबायकडे, एक माझ्याकडे. माच भरले, पिशव्या भरल्या, खेप गेली आणि पसंतही पडली. चाचणी नाही, लाँच नाही, जॉन नाही. कसं झटपट!

फक्त एक गोष्ट मला समजेना. सकाळी आत शिरताना बायका दारापाशी घुटमळायच्या. टेबल मी कधीच हलवलं होतं. तिथे काही नव्हतं, तरी टोपली डोक्यावर घेऊन क्षणभर उभ्या राहायच्या आणि मग आत जायच्या. मला वैताग यायचा. "चला गं, आटपा!"

एका सकाळी जमनाबाय तशीच थांबली. मी वजनकाट्याशी होते.

"काय गं, काय हवंय?"

"काय नाय." मग थोड्या वेळाने, "आज रडका हाय."

"बरं," मी म्हणाले आणि पुढची पिशवी काट्यावर ठेवली. ती "र्‍हाऊं दे, तू कामात हाइस," म्हणाली आणि वळली.

मला रागच आला. तिचा, काकांचा, त्या मूर्ख ॲपचा. पिशवी खाली ठेवली, हात पदराला पुसले, फोन काढला. काकांचं पान सापडायला वेळ लागला. जॉन अजून लाल होता. खाली पाच चेहरे, त्यांखाली "कारण, ऐच्छिक".

"जमनाबाय, थांब. कोणता म्हणालीस?"

"रडका."

मी तो दाबला. "झालं," म्हणाले.

ती गेली नाही. टोपली सावरत तिथेच उभी राहिली. काका त्यापुढे जे विचारायचे, ते मी अजून विचारलं नव्हतं.