पदरखुर्ची
काथ्याचा वास आला की मले आमची काथ्या भरलेली गादीवाली खुर्ची आणली तो दिवस आठवतो. आमचं रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. दुकानदार म्हणाला, "विलायतेत थंड वारा अडवाले पाठीले असे दोन कान लावतात, भैया." घरी बायको म्हणाली, "मग इथं काय कूलरची हवा अडवाले आणली?" तिच्यासाठीच आणली होती, पण माझ्या मोठ्या भावासमोर ती डोक्यावर पदर घेऊन जमिनीवरच बसे. म्हणून मी खुर्ची त्यांच्याकडे पाठ करून कूलरसमोर ठेवली. कानाआड ती गुपचूप बसली. भाऊ तिले सूनबाईच म्हणत. म्हणाले, "सूनबाई, चहा?" खुर्चीतूनच आवाज आला, "हव जी." भाऊ पोट धरून हसले. "बस पोरी, मीच ठेवतो." तिनं खुर्चीले नाव दिलं, पदरखुर्ची. पुढं बायको वारली. आता पाहुणा त्या खुर्चीत बसाले लागला की मी सरळ उठवतो.