दोरीवरची आघाडीची फळी

यंदा गोल कोण करणार, असं आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागातल्या शिपायाला विचारलं, तर तो बादली उचलतो. धुतलेल्या जर्सी दोरीवर टांगतो. अकरा डावीकडे, सात उजवीकडे, नऊ मधोमध. फुटबॉल संघाची आघाडी ठरली! खेळाचे सरसुद्धा आधी दोरी बघतात.

यंदा नऊ नंबरचा धडगावचा पोरगा आलाच नव्हता. घरच्यांबरोबर सुरतेला बांधकामावर होता, दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा राहिला होता. मी इथल्याच ग्रंथालयात कारकून, आमच्या घरातला पहिला पदवीधर. अशी गेलेली पोरं परतत नाहीत, हे मी पाहिलंय.

तरी शिपाई रोज नऊ नंबरची न वापरलेली जर्सी भिजवून मधोमध टांगायचा. वाऱ्यानं ती फुगली, की कुणी धावतंय असं वाटायचं.

"कोनासाठे टांगस, दादा?" मी विचारलं.

"जागा त्यानी शे. येई तो." जागा त्याचीच, यावर तो ठाम होता.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मधली जागा रिकामी दिसली. मी शिपायाकडे धाव घेतली. त्यानं नुसती मैदानाकडे मान वळवली. फॉर्म देऊन आलेला पोरगा ओल्या जर्सीतच धावत होता.

"वाळू बी नही दिधी गधडानी!" शिपाई पुटपुटला आणि रिकामे चिमटे त्यानं स्वतःच्याच शर्टाला लावून घेतले.