मामांचं पोर्तुगीज आणि कुत्र्या-मांजरांचा पाऊस

पोर्तुगीज भाषेवर आजवर किती संकटं आली ते मला ठाऊक नाही. पण येरमाळ्याच्या हायवेवरच्या एका खत-बियाण्यांच्या दुकानातून गेलं तेवढं मोठं संकट तिनं पाहिलं नसावं. ते संकट म्हणजे माझे मामा. इंग्रजी घेऊन बी. ए. झाल्यापासून ते साधं बोलायचेच बंद झाले. साधं बोलणं एसटीच्या कंडक्टरनं बोलावं. शिकलेल्या माणसाच्या तोंडी वाक्प्रचारच हवा आणि तोही इंग्रजी, असं त्यांचं मत. सोयाबीनचं बियाणं मिळेल का, असं कुणी विचारलं की मामा "पीस ऑफ केक!" म्हणून पोतं काढून द्यायचे. म्हणजे सोपं काम. गिऱ्हाईक बिचारं पोतं खांद्यावर घेऊन केकची वाट बघत उभं राहायचं.

तोवर त्रास फक्त येरमाळ्याला होता. पण मामांच्या एकुलत्या लेकीनं लिस्बनला नोकरी धरली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि मामांना पोर्तुगीज विहीण मिळाली. विहीणबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नाही. दुसरा कुणी असता तर हात जोडून, हसून मोकळा झाला असता. मामा म्हणाले, "विहीणबाईंशी आपुन सवता बोलणार. लेकीला मधी घालायला ती काय तहसील कचेरी हाय व्हय?" जावयानं दिलेला जाडजूड शब्दकोश दुकानाच्या गल्ल्यावर येऊन बसला. पद्धत ठरली. ठेवणीतला इंग्रजी वाक्प्रचार घ्यायचा, त्याच्या एकेका शब्दाला पोर्तुगीज शब्द लावायचा आणि व्हिडिओ कॉलवर सोडून द्यायचा. हल्ली मोबाईलच भाषांतर करतो, असं मी सुचवून पाहिलं. "त्याला चव हाय का?" मामा म्हणाले. विषय संपला.

विहीणबाईंनी एकदा इकडच्या पावसाची चौकशी केली, तेव्हा मामांनी त्यांना कळवलं की येरमाळ्यात सकाळपासून कुत्री आणि मांजरं पडताहेत. विहीणबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि मांडीवरचं मांजर घट्ट धरलं. लेक बराच वेळ त्यांची समजूत घालत होती. तिकडे जोराचा पाऊस नुसता घागरींनी पडतो, हे कळल्यावर मामांना त्या देशाची कीव आली. "घागरीवरच अडकलेत बघ. लई साधी माणसं." आपल्याकडे मुसळं पडतात, हे मी बोललो नाही. पुढे त्यांनी विहीणबाईंना इरकल साडी पाठवली आणि साडी किती महागाची आहे ते सांगताना, तिच्यापायी आपला एक हात आणि एक पाय गेला, असं जाहीर केलं. पुढच्या फोनवर विहीणबाईंनी त्यांना उभं राहून चालून दाखवायला लावलं. मामा पोत्यांमधून फेरी मारून आले आणि आपल्या तब्येतीची एवढी चौकशी झाली म्हणून दिवसभर खूश होते.

शेवटी लेकीनं हात टेकले. "बाबा, तुम्ही फक्त नमस्कार करत जा. बाकीचं मी बोलते." मामा "बरं" म्हणाले. शब्दकोश मागच्या फळीवर, तणनाशकाच्या डब्यांशेजारी गेला. त्यानंतर फोन आला की मामा हात जोडायचे आणि बाजूला सरकायचे. तोवर मी त्यांची मनसोक्त टिंगल करत होतो. ते सरकणं बघून मात्र मला फार वाईट वाटलं. विहिणीशी आपण स्वतः दोन शब्द बोलावेत आणि तिला ते कळावेत, एवढंच तर त्या माणसाला हवं होतं.

गेल्या वर्षी व्याही गेले. दुसऱ्या दिवशी मी येरमाळ्याला पोचलो, तेव्हा मामा शब्दकोश खाली काढून बसले होते. इंग्रजीत गेलेला माणूस अधिक चांगल्या जागी जातो. ते त्यांनी पोर्तुगीजमध्ये लावून पाहिलं आणि व्याह्यांनी घर बदलल्यासारखं वाटतंय म्हणून सोडून दिलं. तोवर मामींनी कुणाला न विचारता पिठलं-भाकरी केली होती. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी नेतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात.

"अगं, पर न्यायची कुठं?" मामांनी विचारलं.

"ते मला काय म्हाईत? केल्याबिगर राहवंना," मामी म्हणाल्या.

फोन लागला. विहीणबाई काळ्या कपड्यांत टेबलाशी बसल्या होत्या. मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, कालपासून त्यांनी काही खाल्लं नाही. कुणाचं ऐकतच नाहीत." मामांनी हात जोडले, पण या वेळी ते बाजूला सरकले नाहीत. त्यांनी ताट पुढे ओढलं, भाकरी मोडली, पिठल्याला लावून घास फोनसमोर धरला आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाले, "दोन घास. माझ्यासंगं." शब्दकोश मिटलेलाच होता.

विहीणबाई बघत राहिल्या. मग उठून गेल्या. आम्हाला नुसती रिकामी खुर्ची दिसत होती. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाव होता. त्यांनी तुकडा मोडला, मामांसारखाच समोर धरला आणि रडत रडत खाल्ला. लेकीनं कशाचंच भाषांतर केलं नाही. मग मामांनी हातातला घास तोंडात घातला.

"मामा, हा कुठला इंग्रजी वाक्प्रचार?" मी नंतर विचारलं.

"इंग्रजी न्हाय रं. आपलाच हाय," ते म्हणाले.

हल्ली फोन आला की विहीणबाई आधी मामांनाच बोलावतात. गेल्या रविवारी येरमाळ्यात चांगला पाऊस झाला. दुकानाच्या पत्र्यावरचा आवाज फोनवर गेला असणार. विहीणबाईंनी आभाळाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि व्याही गेल्यापासून प्रथमच खळखळून हसल्या.

"काय म्हनत्यात?" मामींनी विचारलं.

मामा चष्मा काढून पुसत होते.

"विचारत्यात," ते म्हणाले, "आज मांजरं किती पडली."